स्विस चाकू: कोणतं हत्यार कशाला, आणि तो राखायचा कसा

स्विस चाकू अनेकांकडे भेट म्हणून येतो आणि अर्धवट ओळखीवरच वापरला जातो. मोठ्या पात्याने फळं कापतात, त्याच पात्याने खोकी फोडतात, तेच पातं डब्याच्या झाकणाखाली घालून उचकटतात. मग एक दिवस टोक उडतं. बाकीची हत्यारं मात्र मिटलेलीच राहतात आणि सांध्यात खिशातला कचरा साचून इतकी घट्ट होतात की नख तुटावं. खरं तर या चाकूत प्रत्येक कामासाठी वेगळं आणि वेगळ्या कठीणपणाचं पोलाद दिलेलं आहे. ते एकदा समजलं की चाकू बरीच वर्षं साथ देतो.

इथे व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा, मिटल्यावर 91 मिलिमीटर लांबीचा ‘स्पार्टन’ नजरेसमोर ठेवला आहे. साधं आणि सर्वत्र दिसणारं मॉडेल हेच. वजन सुमारे 60 ग्रॅम. मोठं पातं, छोटं पातं, कॅन ओपनर, बाटलीचा ओपनर, पाठीला आरी (भोक पाडायची) आणि कॉर्कस्क्रू, शिवाय मुठीत खोचलेला चिमटा आणि दातकोरणं. कात्री किंवा करवत असलेल्या मॉडेलांनाही पुढचं जवळपास सगळं लागू पडतं.

रचना

1891 मध्ये व्हिक्टोरिनॉक्सचे संस्थापक कार्ल एल्सेनर यांनी स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले, तेव्हा त्यात पातं, आरी, डबा उघडायचं हत्यार आणि स्क्रू ड्रायव्हर एवढंच होतं. सैनिकाला डब्यातलं अन्न खायचं होतं आणि रायफल उघडायची होती, म्हणून ही निवड. 1897 मध्ये आलेल्या अधिकाऱ्यांच्या चाकूत युक्ती केली ती स्प्रिंगची. एकच पट्टीची स्प्रिंग पोटाच्या आणि पाठीच्या, दोन्ही बाजूंच्या हत्यारांना दाबून धरते. म्हणून स्पार्टनमध्ये सहा हत्यारं आहेत, पण स्प्रिंगा दोनच. चाकू मिटवून पाठीकडून पाहिलं तर दोन पोलादी पट्ट्या शेजारी शेजारी दिसतात, त्या ह्याच.

या पट्ट्या हत्याराला कुलूप लावत नाहीत, फक्त दाबून धरतात. उघडलेलं पातं मागून ढकललं तर ते मिटणारच. पात्याच्या पाठीवर जोर येईल असं कोणतंही काम, म्हणजे भोसकणं, टोक खुपसून फिरवणं, पाठीवर ठोकणं, या चाकूने करू नये. बोटं कापण्याचे बहुतेक प्रसंग इथेच घडतात. मिटवतानाही एका हाताने मांडीवर दाबून मिटवायची सवय वाईट. मूठ एका हातात अशी धरायची की चारही बोटं खाचेच्या बाहेर असतील, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने पात्याची पाठ सावकाश आत ढकलायची.

आता पोलाद. कठीणपणा रॉकवेल मापात मोजतात. पाती 56 च्या आसपास, करवत आणि कात्री 53, ओपनर, स्क्रू ड्रायव्हर आणि आरी 52, कॉर्कस्क्रू आणि स्प्रिंग 49. आकडा जास्त तेवढी धार टिकते, पण वाकण्याऐवजी तुटण्याकडे कल वाढतो. म्हणून पात्याने काही उचकटलं की टोक तुटतं, आणि तेच काम बाटलीच्या ओपनरने केलं तर तो ताण सोसतो. कारखान्याने उचकटायचं हत्यार दिलेलंच आहे, फक्त ते पातं नव्हे.

पाती

दोन पाती आहेत, तर कामं वाटून घ्या. मोठं पातं खाण्याच्या वस्तूंना, छोटं पातं खोकी, चिकटपट्टी, दोरी यांना. पुठ्ठ्यात बारीक खनिज कण असतात, त्यामुळे तो धार झपाट्याने खातो. चिकटपट्टीचा गोंद पात्यावर बसतो आणि तेच पातं पेरूला लावणं कोणालाच आवडणार नाही. गोंद काढायला कापसावर थोडं खोबरेल घेऊन चोळा आणि मग साबणाने धुवा. फणसाच्या चिकालाही हेच, आधी तेल, मग साबण. थेट पाण्याखाली धरलात तर चीक पात्यावर आणखी घट्ट बसतो. आणि नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर मुठीला लागू देऊ नका. लाल मूठ सेल्युलोजपासून बनवलेल्या प्लॅस्टिकची असते, ॲसिटोनने ती विरघळून मॅट आणि चिकट होते. ती चकाकी परत येत नाही.

कॅन ओपनर

इथे सर्वाधिक लोक अडतात. हत्यार पाहिलं तर टोकाशी वळलेली धार आहे आणि तिच्या मागे एक खाच. डब्याची उभी कड या खाचेत बसवायची, म्हणजे खाचेचा आकडा कडेच्या बाहेरून खाली येतो आणि धारेचं टोक झाकणावर, कडेच्या आतल्या बाजूला टेकतं. आता मूठ वर उचला. आकडा कडेला धरून राहतो आणि टोक झाकणात घुसतं. मूठ खाली आणा, चाकू अर्धा सेंटिमीटर पुढे सरकवा, पुन्हा उचला. हा ओपनर पुढे जात कापतो. उलटा, स्वतःकडे ओढत गेलात तर पत्रा फाटतो आणि चाकू निसटतो.

एका वेळी जास्त सरकवलंत तर मध्ये न कापलेला पूल राहतो, आणि शेवटी झाकण उचलताना त्या पुलाशी बोट येतं. पूर्ण गोल कापू नका. दोन सेंटिमीटर पत्रा शिल्लक ठेवून झाकण बिजागरीसारखं वर वळवा, म्हणजे ते आत पडत नाही. आमटीत पडलेलं धारदार झाकण बोटाने काढायला लागणं फार वाईट.

ओपनरचं सपाट टोक 3 मिलिमीटर रुंद आहे आणि ते मधल्या आकाराच्या स्टार स्क्रूतही बसतं. ते सरळ उभं धरून, फुलीच्या एका खाचेत पूर्ण आत जाईल असं दाबून फिरवायचं. तिरकं धरलं तर स्क्रूची फुली खरवडली जाते, मग तो कोणत्याच ड्रायव्हरने निघत नाही.

बाटलीचा ओपनर, तार सोलणं आणि वीज

याचं टोक मोठ्या, सरळ खाचेच्या स्क्रूसाठी आहे. हा ओपनर अर्धा, म्हणजे काटकोनात उघडला की तिथे तो अडतो. घट्ट बसलेला स्क्रू सोडवताना याच स्थितीत वापरा, कारण चाकूची पूर्ण लांबी दांड्यासारखी मिळते आणि कमी जोरात जास्त पीळ बसतो. रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायलाही हाच. झाकणाच्या भोवती चार-पाच ठिकाणी थोडं थोडं उचला, एकाच जागी जोर लावलात तर झाकण वाकतं आणि पुन्हा हवाबंद बसत नाही.

ओपनरच्या बुडाशी असलेली छोटी धारदार खाच तार सोलण्यासाठी. तार तिथे बसवा, हलका दाब देऊन चाकू तारेभोवती एक फेरा फिरवा आणि आवरण ओढून काढा. आवरण पूर्ण कापायचा हट्ट नको, तीन चतुर्थांश खोल गेलं की ओढल्यावर उरलेलं सुटतं. खोल गेलात तर तांब्याच्या धाग्यांवर चरा पडतो आणि तिथेच ती तार पुढे तुटते.

मूठ प्लॅस्टिकची दिसते म्हणून ती विजेपासून वाचवेल असं समजू नका. आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आहेत, पितळेचे रिव्हेट आहेत, पाठीची स्प्रिंग उघडी आहे आणि बोटं तिलाच टेकलेली असतात. स्विचबोर्ड उघडायचा तर मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून मगच.

आरी आणि कॉर्कस्क्रू

आरी हे या चाकूतलं सर्वांत दुर्लक्षित हत्यार, आणि ट्रेकला जाणाऱ्यांना सर्वांत उपयोगी पडणारं. ती उघडली की मुठीला काटकोनात उभी राहते, म्हणजे मूठ तळव्यात आणि आरी दोन बोटांच्या मधून बाहेर. जोर सरळ रेषेत द्यायचा. तिची एक कड धारदार आहे, त्या कडेच्या दिशेने फिरवत गेलं की भोक खरवडून मोठं होतं. पट्ट्याला नवं भोक पाडताना चामड्याखाली लाकूड ठेवा, टेबल नव्हे आणि मांडी तर नव्हेच.

91 मिलिमीटरच्या हल्लीच्या मॉडेलांत आरीला सुईसारखं नेढं असतं. सॅकचा पट्टा उसवला तर त्याने मशीनसारखी दुहेरी टाक्याची शिवण घालता येते. चांभार वापरतात तो मेणाचा किंवा नायलॉनचा दोरा घ्या, जेवढी शिवण लांब त्याच्या साधारण चौपट. नेढ्यात दोरा ओवून आरी कापडातून आरपार घाला. पलीकडे निघालेलं दोऱ्याचं टोक धरून शिवणीच्या दीडपट लांबीइतका दोरा तिकडे ओढून घ्या आणि आरी मागे घ्या. आता 5 ते 6 मिलिमीटर पुढे दुसरं भोक. आरी पूर्ण आत गेल्यावर तीन-चार मिलिमीटर मागे खेचा. दोरा आरीच्या कडेला फुगून छोटा फास होतो. पलीकडचं मोकळं टोक त्या फासातून घाला, आरी बाहेर काढा आणि दोन्ही टोकं एकाच वेळी ओढा, म्हणजे गाठ कापडाच्या जाडीच्या मध्ये बसते. एकच टोक ओढलंत तर गाठ एका बाजूला उघडी पडते आणि घासून तुटते. प्रत्येक टाक्याला हेच. शेवटी दोन्ही टोकं एका बाजूला आणून तीन गाठी मारा. नायलॉनचा दोरा असेल तर टोक आगपेटीच्या काडीने वितळवून बसवा.

कॉर्कस्क्रू वाइनसाठी आहे, पण खरा उपयोग गाठी सोडवण्याचा. भिजून आवळलेली दोरी, बुटाची नाडी, सॅकची दोरी. मळसूत्राचं टोक गाठीच्या आत फिरवत घाला आणि हलवत हलवत वेढे सैल करा. पात्याच्या टोकाने हे करायला गेलं तर दोरीचे पेळ कापले जातात.

धुणं आणि तेल

चाकू नाठाळ होतो तो सांध्यात. हत्यार घट्ट झालं की लोक थेट तेल ओततात. आतला कचरा तसाच राहतो, तेलात मिसळून राखाडी लेप होतो आणि महिन्याभरात आधीपेक्षा घट्ट. म्हणून आधी धुणं, मग सुकवणं, मग तेल, हाच क्रम.

चिमटा आणि दातकोरणं काढून ठेवा. सगळी हत्यारं उघडा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून चाकू त्यात बुडवा आणि पाण्याखालीच प्रत्येक हत्यार दहा-पंधरा वेळा उघडा-मिटा. पाणी गढूळ होताना दिसतं. खाचांच्या तळाशी दाबून बसलेला खिशातला कापूस जुन्या टूथब्रशने किंवा बांबूच्या काडीने उकरून काढा, लोखंडी सुईने नको, ॲल्युमिनियमवर चरे पडतात. नळाखाली विसळा, झटका, फडक्याने पुसा आणि सगळी हत्यारं अर्धी उघडी ठेवून तास-दोन तास पंख्याखाली ठेवा. डिशवॉशरमध्ये टाकू नका आणि उकळत्या पाण्यातही नाही.

तेलाचा एक थेंब प्रत्येक सांध्यावर, जिथे हत्याराचं बूड स्प्रिंगला टेकतं त्या फटीत. सुईच्या टोकावरून सोडला तर बरोबर जागी जातो. हत्यार दहा वेळा हलवा. बाहेर आलेलं तेल काळसर दिसलं तर पुसून आणखी एक थेंब. स्वच्छ निघालं की थांबा आणि बाहेरचं सगळं पुसून घ्या, कारण ओलसर तेलावर खिशातली धूळ पुन्हा बसते.

तेल कोणतं? घरात खोबरेल समोरच असतं, पण ते सांध्यात नको. सुमारे 24 अंशांखाली ते गोठतं, मग डिसेंबरात चाकू उघडत नाही. शेंगदाणा, तीळ, सूर्यफूल ही तेलं हवेशी संयोग पावून वार्निशसारखी चिकट होतात. शिलाई मशीनचं पातळ तेल सांध्याला उत्तम. मात्र ते अन्नाशी लागू नये, त्यामुळे याच चाकूने खाणं कापत असाल तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन वापरा. डब्ल्यूडी-40 सारखे फवारे पाणी हुसकावतात, वंगण म्हणून टिकत नाहीत.

रोज खिशात असलेल्या चाकूला हे तीन महिन्यांतून एकदा पुरतं. कोकणात, गोव्यात आणि पावसाळ्यात कुठेही, महिन्यातून एकदा. समुद्राचं पाणी लागलं तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने. पोलादात सुमारे 15 टक्के क्रोमियम असतं म्हणून ते सहजी गंजत नाही, पण मीठ आणि कैरी-लिंबाचा आंबट रस रात्रभर राहिला तर बारीक टाचणीएवढे खड्डे पडतात. वरवरचा डाग असेल तर खाण्याच्या सोड्याची पेस्ट बुचाच्या तुकड्यावर घेऊन पात्याच्या लांबीच्या दिशेने चोळा.

धार

दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे हा चाकू देऊ नये. त्याचं चाक कोरडं आणि वेगाने फिरतं. दोन मिलिमीटर जाडीच्या पात्याची धार क्षणात तापते आणि तिथे पिवळट-निळसर छटा आली की त्या जागचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरलं म्हणून समजा. पुढे कितीही पाजवा, धार टिकत नाही. विळ्या-कोयत्यांना तो माणूस योग्य, या पात्याला दगडच हवा.

1000 ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) पाण्याचा दगड मिळाला तर फारच छान. नाही तर हार्डवेअरच्या दुकानातला कार्बोरंडमचा दुहेरी दगड घ्या, आणि पातं अगदी बोथट नसेल तर फक्त बारीक बाजू वापरा. दगड दहा मिनिटं पाण्यात भिजवून ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकत नाही. एकदा तेल लावलेला दगड पुढे पाण्यावर चालत नाही, तेव्हा आधीच ठरवा.

कोन प्रत्येक बाजूने 15 ते 20 अंश. पात्याची रुंदी 12-13 मिलिमीटर आहे, म्हणजे पातं दगडावर टेकवल्यावर त्याची पाठ सुमारे 4 मिलिमीटर वर हवी. कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडला की साडेबावीस अंश होतात, त्याहून किंचित खाली धरा.

कोन बरोबर आहे का हे डोळ्यांनी कळत नाही, शाईने कळतं. धारेच्या तिरक्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी काळा मार्कर फिरवा, दगडावर दोन हात मारा आणि उजेडात पाहा. शाई फक्त वरच्या कडेची गेली आणि धारेशी राहिली, तर पातं फार आडवं धरलं आहे. फक्त धारेचीच गेली तर फार उभं. पूर्ण पट्टी चकाकली की तोच कोन हाताला लक्षात ठेवू द्या. ही शाईची युक्ती पहिल्या दोन-तीन वेळा तरी कराच.

आता धार पुढे ठेवून, दगडाचा पातळ पापुद्रा काढतोय अशा रीतीने बुडापासून टोकापर्यंत हात मारा. दाब हाताच्या वजनाइतकाच. टोकाकडे पातं वळतं तिथे मूठ थोडी वर उचला, नाही तर तेवढा भाग बोथट राहतो. टोक दगडाच्या बाहेर घसरू देऊ नका, ते गोल होतं. एका बाजूला दहा हात झाले की अंगठा पाठीकडून धारेकडे, धारेच्या पलीकडे हळूच फिरवा. धारेच्या लांबीत कधीच नाही. दगडाच्या विरुद्ध बाजूला नखाला अडकेल अशी बारीक कड जाणवते. कारखान्यांत तिला बर म्हणतात. ती बुडापासून टोकापर्यंत सलग येईपर्यंत दुसरी बाजू घेऊ नका. धार न येण्याचं नेहमीचं कारण हेच असतं, बर यायच्या आतच बाजू बदलली जाते.

दुसऱ्या बाजूलाही तशीच बर आली की प्रत्येक बाजूला एक-एक करून दहा-बारा अगदी हलके हात. उरलेली बर काढायला जुन्या चामडी पट्ट्याची खडबडीत बाजू ताणून धरा आणि पातं उलटं, म्हणजे पाठ पुढे ठेवून, दोन्हीकडून पंधरा-पंधरा वेळा ओढा. वर्तमानपत्राचा कागद हातात धरून वरच्या कडेवरून कापून पाहा. कागद एका जागी अडकून फाटला तर तेवढ्याच जागी बर शिल्लक आहे.

कात्रीची धार घरी लावू नका. तिची छोटी स्प्रिंग तुटली तर ती सुटी मिळते आणि बदलता येते. चिमटा, दातकोरणं आणि मुठीच्या लाल पट्ट्याही तशाच. पातं सांध्यात डावी-उजवीकडे हलायला लागलं तर मात्र रिव्हेट हातोडीने ठोकू नका. जरा जास्त बसलं की सगळीच हत्यारं जाम होतात. ते काम सर्व्हिस सेंटरचं.

घेताना आणि नेताना

रस्त्यावर असेच दिसणारे लाल चाकू भरपूर मिळतात. अस्सल व्हिक्टोरिनॉक्सच्या मोठ्या पात्याच्या बुडाशी नाव आणि स्वित्झर्लंडचा उल्लेख कोरलेला असतो. मिटलेला चाकू उजेडासमोर धरून पाठीच्या पट्ट्यांमधून पाहा. नकली चाकूत बहुधा फटी दिसतात, आणि पातं उघडताना शेवटी जो टकटकीत आवाज यायला हवा तो येत नाही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तिथे 3 इंच किंवा त्याहून कमी धारेचा, मिटणारा आणि कुलूप नसलेला चाकूच कारणाशिवाय जवळ बाळगता येतो. 91 मिलिमीटरचा स्पार्टन त्यात बसतो, कुलूप असलेली 111 मिलिमीटरची मॉडेलं बसत नाहीत. शाळा, न्यायालयं यांचे नियम वेगळे आणि कडक आहेत. आपल्याकडे विमानाच्या केबिनमध्ये कोणताच चाकू चालत नाही, अगदी किल्लीच्या जुडग्यातला 58 मिलिमीटरचाही नाही. तो चेक-इनच्या सामानात टाकायचा. घरून निघण्याआधी सॅकचे छोटे कप्पे आणि जुडगा दोन्ही तपासा, कारण सुरक्षा तपासणीत सापडला तर तिथेच सोडून जावं लागतं.